आजोबांची मॉरिस आणि तासगावच्या शेडमधलं इंजिन

सांगलीच्या गावभागातल्या एका वाचकांनी आरसी बुकाचे फोटो जोडून प्रश्न पाठवला आहे. आजोबांची मॉरिस मायनर, सिरीज टू, पहिली नोंदणी १९५५ ची. आजोबा १९९६ ला गेले, वडील २०२१ ला. बुकावर नाव अजून आजोबांचंच. १९८५-८६ च्या सुमारास पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी मूळ इंजिन उतरवलं आणि भंगारातलं एक डिझेल इंजिन बसवून घेतलं. उतरवलेलं इंजिन तासगावला आत्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पडून आहे. २०१९ च्या महापुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, तेव्हापासून उभीच. आता मुलाचं म्हणणं: मारुतीचं इंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक आणि वर सनरूफ. कोल्हापूरचे एक मिस्त्री म्हणतात, होती तशी उभी करून देतो. दोन्ही कामांचे आकडे जवळपास सारखेच आहेत. "कायद्याच्या दृष्टीने कुठलं बरं?"

असे प्रश्न २०२१ पासून सतत येतात. गाडी कधी ॲम्बेसेडर असते, कधी फियाट, कधी विलीज जीप. विचारणारे दंड किती, हरित कर किती, गाडी भंगारात तर जाणार नाही ना, एवढंच विचारतात. ते आकडे आरटीओच्या खिडकीवर कळतात आणि दर काही वर्षांनी बदलतात. विमा काढा, पीयूसी काढा हेही मी पुन्हा लिहीत नाही. तुमचा निकाल एका व्याख्येवर लागणार आहे, तिच्याकडेच वळतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए ते ८१-जी हे नियम घातले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इथपर्यंत सगळे वाचतात आणि खूश होतात. त्याच व्याख्येत पुढे लिहिलंय की वाहन मूळ स्वरूपात जतन केलेलं असावं आणि त्यात मोठा फेरफार झालेला नसावा. मोठा फेरफार म्हणजे काय, तेही तिथेच सांगितलंय: चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिन यांतला बदल.

मारुतीचं इंजिन आलं की इंजिन गेलं. सनरूफसाठी छत कापलं की बॉडी शेल गेली. त्या दिवसापासून तुमची गाडी नुसती जुनी गाडी राहते, व्हिंटेज राहत नाही.

मग साधी जुनी गाडी म्हणून चालवू, असं तुमचा मुलगा म्हणेल. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीमधला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आणि त्याआधीचा उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला सारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं: बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी वा बॅटरीच्या किटला कायद्यात वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त लागतं आणि त्या गाडीसाठीच मान्य असावं लागतं. सत्तर वर्षांच्या मॉरिससाठी त्या वाटेने जाऊ नका.

दंडाची रक्कम ऐकून लोक म्हणतात, पाच हजारच ना, भरू. त्यांनी पोलीस ठाण्याच्या आवारात एकदा चक्कर मारावी. माझ्या एका अशिलाची अशीच इंजिन बदललेली जुनी गाडी नाक्यावर अडवली गेली. इंजिनवरचा नंबर एक, बुकातला दुसरा. पोलिसांच्या डोक्यात पहिला संशय चोरीचा आला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली. जप्त वाहनं ठाण्यात सडवू नका, ती लवकर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन मालकाच्या ताब्यात, सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय. तरी आमचा अर्ज तारखेवर तारीख फिरत राहिला: कधी पोलिसांचं म्हणणं आलेलं नाही, कधी साहेब रजेवर. दोन पावसाळे ती गाडी उघड्यावर होती. सुटली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. हे आठवलं की मला आजही राग येतो, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आता तुमच्या गाडीची अवघड बाजू. डिझेल इंजिनसकट ती आज उभी आहे, त्या अवस्थेत ती व्याख्येत बसत नाही. मुलाचा बेत तुम्ही रद्द केलात तरी बसत नाही. म्हणून शेडमधलं इंजिन हाच तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. बुकातला इंजिन नंबर आणि त्या इंजिनच्या ब्लॉकवरचा, म्हणजे मुख्य ओतीव भागावरचा, नंबर जुळला, तर कागद आणि गाडी पुन्हा एक होतात. वडिलांनी डिझेलची नोंद आरटीओत केलीच नव्हती. तेव्हा ते चुकलंच, पण त्यामुळे आज बुकात मूळ नंबर जसाच्या तसा आहे.

मूळ इंजिन परत बसवलं की नियम पूर्ण झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. 'फेरफार झालेला नसावा' हे शब्द घट्ट धरून एखादा अधिकारी म्हणू शकतो की मध्ये जवळपास चाळीस वर्षं दुसरं इंजिन होतं. माझ्या मते गाडी पाहायची ती अर्जाच्या दिवशी आहे तशी, आणि ती उत्पादकाच्या व बुकाच्या तपशिलाशी जुळते का हे पाहायचं. मला हा अर्थ भक्कम वाटतो, आणि वेळ आली तर मी तो मांडेन. मात्र विचारलं तर खरं सांगा. 'इंजिन कधीच बदललं नाही' असं प्रतिज्ञापत्र करू नका. खोट्या प्रतिज्ञापत्राने चांगलं प्रकरण मातीत जातं. डिझेल इंजिन उतरवण्याआधी त्याच्या नंबराचा फोटो काढा आणि उतरवल्यावर ते कुणाला दिलं याची पावती ठेवा. ते कुठल्या गाडीचं होतं हे तुम्हालाही माहीत नाही, ही गोष्ट मला मुळीच आवडलेली नाही.

मूळ इंजिन म्हणजे ८०३ सीसीचं ए-सिरीज. पिस्टन-रिंगा बदलणं, बोअर करणं, व्हॉल्व्ह बसवणं ही दुरुस्ती झाली. त्याला कुणी बदल म्हणेल असं वाटत नाही. ब्लॉकच तडकलेला निघाला तर काम थांबवा आणि मला कळवा. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवायला आरटीओची परवानगी आधी लागेल, आणि ते बसवल्यावर व्हिंटेज नोंद मिळेलच असा शब्द मी देऊ शकत नाही.

बॉडीबद्दल मिस्त्रींशी नीट बोलून घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. त्या काळच्या ऑस्टिन ए-४० ला खाली वेगळी चासी होती. मायनरला ती नाही. फरशी, सिल (दाराखालचे पट्टे), पुढचे लेग (इंजिनच्या दोन बाजूंचे उभे आधार), मधला आडवा पट्टा सगळं बॉडीचाच भाग आहे, आणि पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळ्या) मागच्या बाजूला त्या आडव्या पट्ट्याला धरलेले असतात. पुराचं पाणी आणि गाळ नेमका तिथे साठतो. म्हणजे गंजलेला पत्रा कापून नवा जोडताना मिस्त्री ज्या भागाला हात लावतो, तो कायद्याच्या नजरेत चासीही असतो आणि बॉडी शेलही. त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच घडीचा पत्रा घातला तर ती दुरुस्ती. चौकोनी पाइपची फ्रेम करून वर बॉडी बसवली तर तो फेरफार. खर्च वाचतो म्हणून फ्रेमची युक्ती सर्रास सुचवली जाते. तुमच्या मिस्त्रींनी सुचवली तर नाही म्हणा, आणि तसं करारात लिहून घ्या. कापण्याआधी, कापल्यावर आणि जोडल्यावर असे तीन फोटो प्रत्येक जागेचे हवेत. बोनेटखालच्या आडव्या भिंतीवर गाडीच्या चासी नंबराची पट्टी आहे, तिला ग्राइंडर लागता कामा नये. रंगासाठीही ती उपटू देऊ नका.

रंग बुकात असेल तोच ठेवा. दाराच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे ते इंडिकेटरचे हात बुजवू नका. बंद असले तर दुरुस्त करून घ्या, गाडी पाहणाऱ्याची नजर आधी तिथे जाते. नवं वायरिंग, नवे रबर, नव्या ब्रेक पायपी यांना हरकत नाही. पुढच्या डिस्क ब्रेकबद्दल मत विभागलेलं आहे. मी असतो तर मूळ ड्रम नीट करून घेतले असते.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, नमुना २० मध्ये, जुनं आरसी बुक आणि विमा जोडून. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००. प्रमाणपत्र नमुना २३-ए मध्ये, दहा वर्षांसाठी. नियमाप्रमाणे ते ६० दिवसांत मिळायला हवं. तुम्ही जास्त धरून चाला. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, व्हिंटेज गाड्यांची 'व्हीए' ही नवी मालिका घेण्याची सक्ती नाही. आजोबांचा नंबर सोडू नका.

एक गोष्ट मुलाला आजच सांगा. व्हिंटेज नोंद झालेली गाडी रोज कुपवाड एमआयडीसीला न्यायची नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल आणि त्यासाठीची जा-ये, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. त्याला रोजची गाडी हवी असेल तर सनरूफचे पैसे दुसऱ्या गाडीत घालावेत. व्हिंटेजच्या वाटेला न जाता साधी फेरनोंदणी करून मूळ स्थितीतली गाडी चालवता येते का? येते, पण योग्यता तपासणी, विलंब शुल्क, कर यांचा हिशेब तुमच्या बुकाची मुदत कधी संपली त्यावर आहे, आणि ते पान फोटोत नाही.

राहता राहिलं नाव. यावर मी रागावूनच लिहितो आहे. मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्याचा नमुना ३१ भरायचा. तुमच्या घरात हे दोनदा राहिलं, मधे पंचवीस वर्षं गेली. वडिलांच्या तेराव्याला सगळी भावकी एका मांडवात होती, तेव्हाच सह्या झाल्या असत्या. आता आजोबांचे वारस म्हणून आत्या, वडिलांचे वारस म्हणून आई, बहीण आणि तुम्ही, सगळ्यांची संमती लागेल. हिंदू वारसा कायद्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. आत्यांचा हिस्सा गाडीत आहे आणि शेडमधल्या इंजिनातही आहे. त्यांचं वय तुम्ही ८४ लिहिलंय. त्यांच्यानंतर त्यांची चार मुलं वारस होतील, पैकी एक परदेशात. मग आरटीओ न्यायालयाचा वारस दाखला आणायला सांगेल. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो: अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, साक्ष, तारखा. कुणाचाही विरोध नसलेले असे अर्ज आमच्या कोर्टात किती रेंगाळतात ते मी रोज पाहतो. एका सहीने टळणारी गोष्ट तिथे नेऊ नका.

बुक मात्र तुम्ही जपलंत. पाण्याने शाई पसरली आहे, तरी पहिल्या पानावर १९५५ स्पष्ट वाचता येतं आणि पत्त्याच्या रकान्यात 'जि. दक्षिण सातारा' दिसतं. सांगली जिल्ह्याचं नाव १९६० पर्यंत तेच होतं. पहिल्या नोंदणीचा याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही. बुक लॅमिनेट करू नका, पानं चिकटवू नका. प्लॅस्टिकच्या सुट्या पाकिटात ठेवा आणि अर्जाआधी आरटीओच्या जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत मागून घ्या. आपल्याकडे मोठे पूर येऊन गेलेत, रजिस्टरांवरही फार विसंबू नका.

दोन्ही कामं सध्या थांबवा, ॲडव्हान्स देऊ नका. येत्या रविवारी आईला आणि बहिणीला घेऊन तासगावला जा. संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी तयार करून देतो. तिघींनी तो आधी वाचावा. नोटरी घरी येऊ शकतात, आत्यांना जिने चढायला लावू नका. बरोबर तारेचा ब्रश, थोडं रॉकेल आणि चिंधी न्या. इंजिनवरची पोती काढा, नंबराची छोटी पट्टी ब्लॉकलाच असते. ती घासू नका, रॉकेलने भिजवून हलक्या हाताने पुसा. तारेचा ब्रश फक्त आजूबाजूच्या गंजासाठी. नंबर दिसला की बुक शेजारी धरून एकाच फोटोत दोन्ही येतील असा फोटो काढा, आणि तो मला पाठवा.