मामाला दिवस कळवा, वेळ कळवू नका

प्रश्न: ताई नमस्कार. मी साताऱ्याचा, वय ३४, गाडी १५० सीसीची, जुनी आहे पण नीट सांभाळलेली. बरेच दिवस डोक्यात आहे की एकदा बाईक काढायची आणि लांब राहणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना भेटून यायचं. नाशिकला मोठी बहीण, इंदूरला मामा, ग्वाल्हेरला आत्या, येताना नागपूरला चुलतभाऊ. आता आम्ही भेटतो ते फक्त लग्नकार्यात, तेही जेवणाच्या पंगतीत दोन मिनिटं. फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा मिळतेय. आत्या म्हणते इतका येतोयस तर पानिपतही बघून ये. नाशिक ते इंदूर एका दिवसात होईल का, दहा दिवसांत सगळं बसेल का, आणि बायको मागे बसून येते म्हणतेय, तर न्यावं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: जा, नक्की जा. मामा-आत्या आहेत तोवर जा, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

आता हिशोब. नाशिक-इंदूर साधारण ४१० किलोमीटर आहे, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग पळासनेरच्या पुढे बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, धामनोदनंतर परत मानपूरचा घाट आणि महू आलं की इंदूर आलंच. रस्ता चार पदरी आहे, सकाळी सहाला निघालात तर चार-पाचपर्यंत मामाच्या दारात. घाटात ट्रकच्या मागे चिकटून चढू नका, बाकी काळजी नाही. चार पदरी हायवेवर दुचाकीला कमाल वेगमर्यादा ८० आहे आणि १५० सीसीच्या गाडीला दिवसभर पळायला ६५-७० च बरं पडतं, इंजिनालाही आणि तुमच्या पाठीलाही.

पण दहा दिवसांत हे बसत नाही. इंदूर-ग्वाल्हेर जवळजवळ ५०० किलोमीटर, देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरीवरून. हे एका दिवसात करू नका, शिवपुरीला मुक्काम करा, शिंद्यांच्या छत्र्या बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-अडीच तासांत आत्याकडे. तिथून ४४ नंबरच्या हायवेने झाशी, ललितपूर करत सागर, तिथे मुक्काम (पेशव्यांचे बुंदेलखंडातले कारभारी गोविंदपंत बुंदेले, त्यांचं हे सागर, अजून मराठी घरं आहेत तिथे), मग शिवनीवरून पेंचच्या जंगलातून नागपूर. त्या जंगलात रस्ता उंच पुलांवरून नेलाय, खालून जनावरं जातात, तिथे थांबून फोटो काढत बसू नका. नागपूरहून घरी येताना समृद्धीचा विचार मनात आणू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर असं या, नांदेडला मुक्काम. प्रत्येक घरी निदान एक पूर्ण दिवस राहायचं आणि एक-दोन दिवस मोकळे ठेवायचे म्हटलं तर तेरा-चौदा दिवस होतात. रजा वाढत नसेल तर नागपूरहून गाडी रेल्वेत टाका, त्याचं पुढच्या उत्तरात लिहिलंय. पानिपत मात्र या वेळी सोडा. ग्वाल्हेरहून आग्रा, दिल्ली पार करून जायचं आणि तेवढंच परत यायचं, त्यात जे दिवस जातील ते आत्याच्याच वाट्याचे जातील.

आता मला जे खरं सांगायचंय ते. अशा ट्रिपमध्ये मला सगळ्यात मोठी भीती घाटाची किंवा ट्रकची वाटत नाही, "कुठवर आलास रे, जेवायला थांबलोय" या फोनची वाटते. मामीने पुरणाचा घाट घातलेला असतो, मामा फाटकात उभे असतात, तुम्ही अजून सेंधव्यात असता आणि ऊन उतरायला लागलेलं असतं. मग माणूस चहाचा ब्रेक टाळतो, पाणी पीत नाही, अंधार पडला तरी अजून चाळीसच किलोमीटर तर राहिलंय म्हणून रेटतो. हायवेवर अंधारात दिवे नसलेले ट्रॅक्टर असतात, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली असतात, मधेच बसलेली गुरं असतात, आणि समोरच्या गाडीच्या हायबीममध्ये यातलं काहीच दिसत नाही. म्हणून निघायच्या आधीच चारही घरी एकच निरोप द्या: अमुक तारखेला पोचतोय, वेळ सांगत नाही, जेवायला थांबू नका, आणि अंधार पडायला आला तर वाटेत राहून दुसऱ्या दिवशी सकाळी येईन. हे आधी सांगितलं की कोणी रागावत नाही, आयत्या वेळी सांगितलं की सगळेच हिरमुसतात. गाडी चालवताना फोन सायलेंट, शंभरेक किलोमीटरला थांबाल तेव्हा फॅमिली ग्रुपवर लोकेशन टाका, सगळ्यांना एकदम कळतं.

निघतानाही तेच. नाश्ता करून जा, आता बाराच वाजलेत तर दोन घास खाऊनच जा, असं करत दोन वाजतात आणि मग भरल्या पोटी, डोळ्यांवर झापड घेऊन माणूस ३०० किलोमीटरला निघतो. माझा नियम आहे, दहा वाजेपर्यंत निघता आलं नाही तर त्या दिवशी निघायचंच नाही, आत्याला मनापासून सांगायचं की आज राहतो. आत्याला त्याहून काय हवंय. म्हणूनच प्लॅनमध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

राहायच्या दिवशी बाईकला हात लावू नका. इंदूरला मामांना घेऊन महेश्वरला जा, त्यांच्याच गाडीने किंवा बसने, अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट त्यांच्याबरोबर बघण्यात जे आहे ते एकट्याने जाता जाता बघण्यात नाही. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्यांच्या आवडीचं खा. ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, १८५८ च्या जूनमध्ये त्या तिथेच लढताना पडल्या. पण आत्याचे गुडघे दुखत असतील तर समाधी राहू द्या, तिच्यापाशी बसा, जुने फोटो काढायला सांगा आणि फोटोतली माणसं कोण ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या. ही नावं तिच्यानंतर कोणाला सांगता येणार नाहीत.

बायकोला न्यावं का, तर तिला यायचंय ना, मग न्या. तिलाही आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, जॅकेट, बूट, सगळं तुमच्याइतकंच चांगलं. मागच्या टायरची हवा दोघांसाठी स्टिकरवर जितकी दिलीय तितकी, मागचा सस्पेन्शन एक खाच कडक करून घ्या. मागे बसणारा जास्त लवकर आखडतो म्हणून दर तास-सव्वातासाने थांबा. आणि एक गोष्ट घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा, तिच्यावर सोडू नका: तीही ४०० किलोमीटर प्रवास करून आलेली असणार, तुम्ही सोफ्यावर आणि ती पदर खोचून ओट्यापाशी असं व्हायला नको.

गाडीचं थोडक्यात. निघायच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको, म्हणजे काही सैल राहिलं असेल तर गावातच कळेल. ऑइल, ब्रेक पॅड, टायर, चेन-स्प्रॉकेट बघून घ्या, चेनला दर पाचशे किलोमीटरला ल्यूब मारा. जास्तीची क्लच केबल, प्लग, पंक्चर किट जवळ ठेवा. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या आणि झेरॉक्सही ठेवा. नॅशनल हायवेवर दुचाकीला टोल नाही. आणि एक बॅग रिकामी न्या, कारण प्रत्येक घरून लोणच्याची बरणी आणि लाडवांचा डबा मिळणारच. बॅगेत मावेल तेवढं घ्या, बाकीचं तिथूनच कुरिअर करा, हँडलला पिशव्या लटकवून गाडी चालवायची नाही.

प्रश्न: बाईक रेल्वेने पाठवताना काय करावं लागतं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: दोन प्रकार आहेत. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर बाईक लगेज म्हणून तुमच्याबरोबर येते, नसेल तर पार्सल म्हणून जाते आणि मग ती कधी पोचेल याचा भरवसा धरू नका. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, पॅकिंग गोणपाटाचं करून घ्या, स्टेशनबाहेर करून देणारे असतात. आरसे काढून बॅगेत ठेवा, टाकीवर आतून जाड पुठ्ठा लावायला सांगा, ओरखडे तिथेच पडतात. साताऱ्याच्या भावाला नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची, ती पुण्यावरून साताऱ्याला जाते, फक्त बुकिंगच्या आधी पार्सल ऑफिसात जाऊन विचारून या की बाईक साताऱ्याला उतरवतात का पुण्यालाच उतरवून घ्यायची.

प्रश्न: ताई, माझा भाचा कोल्हापूरहून बाईकने येऊन राहिला, दोन दिवस थांबणार आहे. मला रात्रभर झोप नाही येत. पोरासाठी काय तयारी करून ठेवू?
(एक मावशी, नागपूर)

उत्तर: मावशी, त्याला दर तासाला फोन करू नका, ही पहिली तयारी. तो थांबला की स्वतःच करेल असं त्याच्याकडून कबूल करून घ्या, म्हणजे तुम्हालाही झोप लागेल. आला की आधी पाणी, मग आंघोळीला कडकडीत पाणी, जेवण नंतर. गाडी फाटकाच्या आत, सावलीत लावता येईल अशी जागा करा, जॅकेट आणि ग्लोव्हज वाळवायला दोरी, मोबाईल चार्ज करायला पलंगाजवळ पॉइंट. पहिल्या रात्री वरण-भात, तूप, लिंबू एवढंच करा, तुमचा पाटोडीचा रस्सा आणि वडाभात दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे जेवून तो बिनघोर झोपेल. शेजारपाजारच्यांना भेटवायचं तेही दुसऱ्या दिवशीच. निघायच्या सकाळी डबा नको, भरल्या डब्यापेक्षा दोन पोळ्यांचा रोल कागदात गुंडाळून द्या, तो रस्त्यात उभ्या उभ्या खाता येतो. आणि संत्री द्या, पण चारच.