शेल्टरमधून पहिल्यांदाच कुत्रा आणताय? मग एवढं बघा

अरे वा, शेल्टरमधून आणायचं ठरवलंत ते बेस्ट! आत्ता सगळं वाचत बसू नका, सुरुवातीला एवढंच बघा.

आणण्याआधी त्याची फाइल मागून घ्या. कुठली लस कधी दिली, जंताचं औषध झालं का, नसबंदी झालीय का. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची बारीक चिप) असेल तर तिचा १५ आकडी नंबर तुमच्या नावावर आणि चालू मोबाइलवर रजिस्टर करून घ्या, बरेच जण इथेच आळस करतात आणि मग कुत्रा हरवला की चिप असून उपयोग शून्य.

घरी आल्यावर सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच दिवशी अख्ख्या खानदानाला बघायला बोलावणं. तो बिचारा आधीच भेदरलेला असतो, पलंगाखाली जाऊन बसेल, खाणार नाही, बसू दे, हात घालून ओढू नका, चावला तर चूक तुमचीच. पाण्याचं भांडं जवळ ठेवा, तो आपणहून बाहेर येतो.

अजून काही:
- जेवण एकदम बदलू नका, शेल्टरमधलंच चालू ठेवून आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर जुलाब ठरलेले
- दार उघडण्याआधी पट्टा, नवीन कुत्रे सुरुवातीलाच पळतात
- चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका अजिबात नाही, मग कितीही लाडात येऊ दे
- पिल्लू असेल तर लसींचा कोर्स साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतो, मध्येच सोडू नका

ट्रेनिंगबिनिंगचं नंतर बघू, आधी त्याला घरात निवांत झोपायला लागू दे. आणि अजिबातच जमत नसेल तर आधी शेल्टरलाच फोन करा, बहुतेक ठिकाणी परत घेतात.