“एकच नळी उरली, ताई”

“दुर्बिणीतून नळी काढली, ताई. आता मूल होईल का?” नाशिकला कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की एकीची गोष्ट, ओळख बदलून, सांगतेच.

निफाडकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत, म्हणजे अंडाशयातलं बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या गर्भनलिकेत रुजला, उजवी नळी काढावी लागली. “आता एक महिना आड बीज वायाच जाणार ना?”

तसं नसतं. उरलेली नळी निरोगी असेल, तर ती पलीकडच्या अंडाशयातलं बीजही उचलू शकते. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दुसरी नळी चांगली असलेल्या बायका होत्या. तीन वर्षांत आपसूक दिवस राहून गर्भ टिकण्याचं प्रमाण नळी वाचवलेल्यांत शंभरात साधारण ६१, काढलेल्यांत ५६. फरक किरकोळ.

तिनं मान डोलावली. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदाही तोच.

मग मी आकडे बाजूला ठेवले. “घरी त्या दिवसाला काय म्हणतात?”

“ऑपरेशन. हिचं ऑपरेशन झालं, म्हणतात.”

“आणि तुम्ही?”

बराच वेळ गेला. तिनं पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घरी केलेल्या तपासणीची पट्टी, दोन गुलाबी रेघा, एक पुसट झालेली. “दीड महिना मी आई होते, ताई.” मग ती पोटभर रडली.

‘होईल का’च्या आत ‘गेलं ते’ दडलेलं असतं. त्याला कुणी बाळ म्हटल्याशिवाय धीर कानात शिरत नाही, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकलेय. पुढच्या खेपेला नवरा सोबत आला. “मीपण बागेत जाऊन बसायचो,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर तिनं वही काढून नीट लिहून घेतलं. दुसरी नळी दुर्बिणीत कशी दिसली, हे डॉक्टरांना विचारायचं. ऑपरेशननंतर सहसा एक-दोन पाळ्या थांबायला सांगतात. नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेतलं असेल, तर किमान तीन महिने. शंभरात साधारण दहा जणींचा गर्भ पुन्हा नळीत रुजतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवायचं आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करायची. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांदादुखी, चक्कर असं काही झालं, तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठायचा. आणि दोन्ही नळ्या गेलेल्यांनाही टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग असतो, त्याला नळी लागत नाही.

ती पट्टी आता शालूच्या घडीत आहे. कुठल्या घडीत, ते नवऱ्यालाही ठाऊक आहे.