दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली असताना पोट उघडले. तक्रार करता येईल का?

आपल्या पत्राचा आशय असा: पित्ताशयात पू झाल्यामुळे आपल्या पतीची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ठरली, ती सुरू असताना डॉक्टरांनी पोट उघडले, पुढे पित्त गळू लागले आणि दुसऱ्या रुग्णालयात पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालावा लागला. संमती केवळ दुर्बिणीला होती, हा आपला मुख्य आक्षेप आहे.

केवळ या आक्षेपावर तक्रार उभी करू नये, असे माझे मत आहे. पू झालेले पित्ताशय आजूबाजूला घट्ट चिकटते आणि त्याची नळी कोणती, मुख्य पित्तनलिका कोणती, हे ओळखणे अवघड होते. अशा वेळी पोट उघडणे किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे हा नलिका वाचवण्याचा वैद्यकशास्त्राला मान्य असलेला मार्ग आहे. संमतीपत्रात ही शक्यता बहुधा छापलेली असते. समीरा कोहली प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने तपासणीपुरत्या संमतीवर गर्भाशय काढणे गैर ठरवले, भुलीखालील प्रौढ रुग्णाच्या आईची संमतीही पुरेशी मानली नाही; आपल्याकडे मात्र शस्त्रक्रिया तीच राहिली, मार्ग बदलला. पती शुद्धीवर असूनही सही आपलीच घेतली असेल, तर ते जरूर नोंदवा; रुग्णालयांची ही सवय अजून गेलेली नाही.

खरा प्रश्न पित्तगळतीचा आहे. गळती झाली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण चिघळलेल्या पित्ताशयात ती कुशल सर्जनच्या हातूनही होऊ शकते. नलिका ओळखण्यासाठी काय केले हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिले आहे का, आणि ताप, कावीळ किंवा ड्रेनमधून (पोटातील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) पित्त दिसल्यानंतर सोनोग्राफी करण्यास व पुढे पाठवण्यास किती वेळ गेला, हे पाहावे लागेल. विनाकारण उशीर झालेला दिसला, तर आपली बाजू भक्कम होईल.

त्यासाठी संपूर्ण केस पेपरची लेखी मागणी करून पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांनी ती कागदपत्रे 72 तासांत द्यावयाची असतात. ती तटस्थ सर्जनला दाखवून लेखी मत घ्या. उपचारांसाठी रुग्णालयाला दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि रुग्णालयाशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती आपोआप वाढत नाही. पोलिसांत जाण्याची घाई मात्र करू नका. जेकब मॅथ्यू निकालानुसार (2005) फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि आपण कळवलेल्या हकिकतीत तसे काही मला दिसत नाही.