वाचकांचे प्रश्न : अपडेटनंतर बिघडलेला इंटरनेट फोन

प्रश्न : नेरूळच्या आमच्या घरी फायबर इंटरनेटवर अडॅप्टर (फोन इंटरनेटला जोडणारं छोटं यंत्र) लावून जुना बटणांचा फोन चालतो. गेल्या महिन्यात रात्रीत अडॅप्टरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट झालं. तेव्हापासून आम्ही फोन लावला तर लागतो, बोलणंही नीट होतं. पण बाहेरून कुणी केला तर घंटी वाजत नाही. अडॅप्टर बंद करून सुरू केला की थोडा वेळ वाजते, मग पुन्हा शांत. इंटरनेटवाला मुलगा फॅक्टरी रिसेट मारा म्हणतो. मारू का?

उत्तर : नका मारू, निदान आत्ता तरी. रिसेटमुळे एसआयपी खात्याचा (म्हणजे तुमच्या इंटरनेट फोनच्या खात्याचा) युजर आयडी, पासवर्ड आणि फोन कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता पुसला जातो. फोनसेवेच्या कंपनीकडून ही माहिती अडॅप्टरमध्ये आपोआप उतरत नसेल, तर ती हाताने भरावी लागते. पासवर्डच्या जागी पानावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे तो आधी टिपूनही ठेवता येत नाही.

तुमच्या वर्णनातच निदान दडलंय. फोन लागतो आणि बोलणं होतं, म्हणजे वायर, फोन, खातं, पासवर्ड सगळं धड आहे. बिघाड फक्त आत येणाऱ्या वाटेवर आहे. अडॅप्टर सर्व्हरकडे नोंदणीचा संदेश पाठवतो तेव्हा राउटर त्याच्यासाठी परतीची वाट उघडी ठेवतो. पण त्या वाटेवर काहीच ये-जा झाली नाही तर काही राउटर अर्ध्या मिनिटात, काही दोन-तीन मिनिटांत ती बंद करतात. त्यानंतर आलेला कॉल राउटरपाशीच अडतो. अडॅप्टर परत सुरू केला की नव्याने नोंदणी होते, वाट उघडते, म्हणून थोडा वेळ घंटी वाजते. ही वाट जागती ठेवायला अडॅप्टरने मधूनमधून छोटा संदेश धाडायचा असतो. अपडेटमध्ये बहुधा तेच सेटिंग मूळ स्थितीला गेलंय.

आधी अडॅप्टरचा आयपी पत्ता काढा. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ किंवा एचटी८०२ असेल तर फोन उचलून स्टार तीनदा दाबा आणि मग ०२. पत्ता इंग्रजीत ऐकू येईल. दुसरा अडॅप्टर असेल तर राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, तळाच्या स्टिकरवरच्या मॅक क्रमांकावरून (प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख क्रमांक) तो ओळखा. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. नव्या यंत्रांचा पासवर्डही स्टिकरवरच असतो. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एचटी८०१ मध्ये एफएक्सएस पोर्टच्या (फोनची वायर लागते त्या खाचेच्या) पानावर 'नॅट ट्रॅव्हर्सल' शोधा, तिथे 'कीप-अलाइव्ह' निवडा आणि त्या छोट्या संदेशांमधलं अंतर २० सेकंद ठेवा. नोंदणीची मुदत ६० मिनिटं असेल तर ५ मिनिटांवर आणा. इथे एकक नीट बघा: काही अडॅप्टरमध्ये हा आकडा मिनिटांत असतो, काहींत सेकंदांत. सेकंदांच्या चौकटीत ५ भरलात तर दर पाच सेकंदांना नोंदणी होत राहील आणि सर्व्हर तुम्हाला ब्लॉकही करू शकतो. तिथे ३०० भरा. सेव्ह करून अडॅप्टर रीबूट करा, दहा मिनिटं फोनला हात लावू नका आणि मग मोबाइलवरून घरी फोन लावा. लगेच केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण रीबूटनंतर थोडा वेळ घंटी तशीही वाजतेच.

तरी वाजली नाही तर राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' बंद करा. ही सोय मदतीसाठी दिलेली असली तरी फोनच्या संदेशातले पत्ते अनेकदा चुकीचे बदलून ठेवते, आणि राउटरच्या अपडेटनंतर ती परत चालू झालेली आढळते. तो पर्याय ग्राहकाच्या लॉगिनमध्ये दिसत नसेल तर इंटरनेट कंपनीलाच बंद करायला सांगा. फायबरच्या डब्यापुढे स्वतःचा वेगळा राउटर लावला असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वाय-फाय देण्यापुरता) टाका आणि अडॅप्टर थेट डब्याला जोडून बघा.

५०६० पोर्ट फॉरवर्ड करण्याचा, म्हणजे बाहेरून येणारे फोनचे संदेश थेट अडॅप्टरकडे सोडण्याचा, सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या पोर्टवर बाहेरून सतत घुसखोरीचे प्रयत्न होतात. शिवाय राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो कंपनीच्या सामायिक जाळ्यातला आहे. तिथे फॉरवर्डिंगचा उपयोगच होत नाही.

प्रश्न : अपडेट झाल्यापासून बँकेच्या फोनवर '१ दाबा' म्हटल्यावर दाबलेलं ओळखलंच जात नाही. बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येतं. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : 'डीटीएमएफ'च्या (दाबलेल्या बटणांच्या सुरांच्या) सेटिंगमध्ये 'आरएफसी २८३३' पहिल्या क्रमांकावर आणा, म्हणजे बटणाची खूण आवाजापासून वेगळी जाईल. कोडेकच्या (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतींच्या) यादीत 'पीसीएमए' सर्वांत वर ठेवा. बटणाचा सूर आवाजासोबतच जात असेल आणि कोडेक जी.७२९ सारखा आवाज खूप आकुंचित करून पाठवणारा असेल, तर सूर वेडावाकडा होतो आणि पलीकडच्या यंत्राला कळत नाही.

प्रश्न : अपडेट चालू असतानाच वीज गेली. आता अडॅप्टरचा एकही दिवा लागत नाही. (कळवा)

उत्तर : अर्धवट अपडेटनंतरही पॉवरचा दिवा बहुधा लागतो किंवा लुकलुकतो. एकही लागत नसेल तर आधी चार्जर तपासा. बदली चार्जर लावताना व्होल्ट स्टिकरप्रमाणेच हवेत. राउटरचा चार्जर बहुतेकदा १२ व्होल्टचा असतो आणि पिन सारखीच दिसते. ५ व्होल्टच्या अडॅप्टरला तो लावलात तर अडॅप्टर जळेल. योग्य चार्जरनेही दिवा लागला नाही तर वॉरंटीचं बिल शोधा. नवा अडॅप्टर आल्यावर आपोआप अपडेट बंद ठेवा, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या चुकू नयेत म्हणून दोन-तीन महिन्यांनी दिवसाउजेडी, राउटर आणि अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर ठेवून हाताने अपडेट करा.