'द लेपर्ड' (1963) या सिनेमात क्रांती आहे तरी कुठे? तीन तास नुसती जेवणं, पडदे आणि नाच!

इटली एक करायला निघालेल्या गॅरिबाल्डीच्या लाल शर्टवाल्यांची लढाई बघायला बसलात आणि एका सरदार घराण्याचा संसार बघून उठलात, ही तुमची तक्रार. तशी लढाईही आहे. 11 मे 1860 ला गॅरिबाल्डी हजारेक स्वयंसेवक घेऊन सिसिलीत मार्सालाला उतरला आणि महिनाअखेरीस पालेर्मोच्या गल्ल्यांत धुमश्चक्री झाली. मूळ कादंबरीत न रंगवलेली ही लढाई दिग्दर्शक विस्कोन्तीनं मुद्दाम घातली आहे. पण माझ्या मते सिनेमातला सगळ्यात कमी कामाचा भाग तोच. क्रांती बघायची तर जेवणाचं टेबल आणि मतमोजणी बघा.

मी अमळनेर तालुक्यातला. आमचे आबा वाड्याच्या जमिनीवर कूळ होते. कूळ कायदा 1948 चा, पण आमच्याकडे खरी खळबळ झाली ती 1 एप्रिल 1957 च्या 'कृषक दिना'नं. त्या दिवसापासून कसणारा तो मालक, असं कायदा म्हणाला. वाड्यातली माणसं तोवर हातावर हात ठेवून बसली नव्हती. वाटण्या झाल्या, नातेवाइकांच्या नावावर शेतं चढली, 'आम्ही स्वतःच कसतो' असं दाखवलं गेलं. पुढे खादी घालून निवडणुकीला कोण उभं राहिलं? वाड्यातलाच धाकटा. हे आमच्याच गावात झालं असं नाही, म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

आता सिनेमातला तांक्रेदी बघा. सालिनाचा प्रिन्स म्हणजे सिनेमाचा नायक असलेला सरदार, त्याचा हा कफल्लक भाचा आधी गॅरिबाल्डीकडे जातो, कारण आपण त्यात नसलो तर हे लोक प्रजासत्ताक आणतील आणि आपलं सगळंच जाईल, हे त्याला मामाच्या आधी कळलेलं असतं. पुढे नव्या इटलीच्या राजाची फौज भारी ठरल्यावर तो तिचा गणवेश चढवतो आणि कालच्या सोबत्यांना गुंडपुंड म्हणायला लागतो. तांक्रेदी झालेला आलाँ द्लों हे सगळं इतकं गोड हसून करतो की राग यायला वेळ लागतो.

दुसरा माणूस दॉन कालोजेरो सेदारा. जमिनी गिळत गिळत गावाचा महापौर झालेला. प्रिन्सकडे जेवायला येताना हा बेढब शिवलेला लांब कोट घालून येतो आणि घरातले हसू दाबतात. मग त्याची देखणी मुलगी आंजेलिका येते आणि हसणं थांबतं. प्रिन्सची स्वतःची मुलगी कोंचेत्ता तांक्रेदीवर जीव लावून बसलेली, पण तिच्या हुंड्यानं भाच्याचं राजकारण चालणार नाही, हा हिशेब बापानंच करून भाच्याचं लग्न आंजेलिकाशी जुळवलेलं असतं. मला पूर्ण सिनेमात सगळ्यात क्रूर हेच वाटलं, गोळीबारापेक्षाही. आमच्याकडे एखाद्या देशमुखानं कापसाच्या जिनिंगवाल्याची मुलगी सून करून घेतली नसती, जात आडवी आली असती. त्याच्या कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये भागीदारी मात्र नक्की केली असती.

आणि ती मतमोजणी! ऑक्टोबर 1860 मध्ये सिसिलीत इटलीत सामील व्हायचं की नाही यावर मतदान झालं. सिनेमात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, प्रिन्सबरोबर शिकारीला जाणारा दॉन चिच्चो 'नाही' म्हणून मत देतो. निकाल वाचला जातो तेव्हा 'नाही'पुढे शून्य. नव्या राज्याचा पायाच असा घातला जातो, आणि तो घालतो सेदारा. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला यावर वेगळं भाष्य लागत नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकते. कादंबरीकार लाम्पेदूसा स्वतः प्रिन्स, विस्कोन्ती मिलानच्या जुन्या सरदार घराण्यातला. विस्कोन्ती कम्युनिस्ट होता हे खरं, पण कॅमेरा शेवटी प्रिन्स झालेल्या बर्ट लँकेस्टरच्या थकलेल्या चेहऱ्यावरच रेंगाळतो. ज्यांच्या घामावर हा महाल उभा आहे ते शेतकरी रस्त्याच्या कडेला दिसतात, बोलत जवळपास नाहीत. प्रिन्सबद्दल सगळ्यांना हळहळ वाटते, मला अर्धीच वाटते. कुळाचा नातू आहे, काय करणार.

नाचाचा प्रसंग पाऊण तासाच्या आसपास चालतो आणि तुम्ही बहुतेक तिथेच कंटाळला असाल. पुन्हा बघाल तेव्हा नाचणाऱ्यांकडे बघू नका, सेदाराकडे बघा. बाकीचे वॉल्ट्झ करताहेत आणि हा बाबा महालावरचा सोन्याचा मुलामा बघून सोन्याच्या भावाचा विचार करतोय. राजाची फौज सोडून गॅरिबाल्डीकडे पळून गेलेल्या शिपायांना पहाटे गोळ्या घालतात, तो आवाज गाडीत ऐकून सुटकेचा श्वास टाकणाराही हाच.

आणि कोणती प्रत बघितलीत? अमेरिकेत त्या वेळी कापून 161 मिनिटांची इंग्रजी डब केलेली आवृत्ती निघाली होती, तिचे रंगही फिके होते. ती असेल तर टाकून द्या. तीन तासांची इटालियन प्रत सबटायटल्ससह मिळवा. तिच्यात लँकेस्टरचा आवाज दुसऱ्याचा आहे, पण दहा मिनिटांत सवय होते.