कमेंट वाचणारी आई

'मुलगी हिजाब बांधते आणि त्याचेच रील करून इन्स्टाग्रामवर टाकते. आपलेही बोलतात, परकेही बोलतात. मोबाइल काढून घेऊ का?' गेल्या काही वर्षांत हा प्रश्न घेऊन बऱ्याच आया समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या. त्यांतल्या एकीची हकीकत, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, येथे सांगते.

ही आई मूळची रत्नागिरीकडची, राहायला मुंब्र्याला. डोक्यावर ओढणी घेणारी, पण हिजाब कधीच न बांधलेली. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या तिच्या मुलीने मात्र टाळेबंदीत मलेशिया-इंडोनेशियातल्या मुलींचे व्हिडिओ पाहून तो आपणहून बांधायला घेतला आणि शिफॉनचा स्कार्फ घसरू नये म्हणून आत टोपी कशी घालावी, टाचणी कुठे लावली की कापडाला भोक पडत नाही, हे दाखवत चौदा हजार फॉलोअर जमवले.

पहिल्याच भेटीत मी चुकले. 'हे तुला कोणी घालायला सांगितले?' असे मी मुलीला विचारले, तेव्हा माझ्या कपाळाकडे पाहत ती म्हणाली, 'मॅडम, तुम्हाला टिकली कोणी लावायला सांगितली?' त्यानंतर दोन भेटी ती जेवढ्यास तेवढेच बोलली.

आईने कमेंटींचे स्क्रीनशॉट आणले होते. ओळखीचे आणि अनोळखी असे ते वेगळे करायला मी तिला सांगितले. साठेक कमेंटींत ओळखीचे तिघेच निघाले आणि त्यांत मुलीचा सख्खा मामा होता: 'हा हिजाब आहे की फॅशन शो?' 'पाकिस्तानात जा' असे लिहिणाऱ्या परक्यांपेक्षा या एका ओळीने आईची झोप उडवली होती, कारण उद्या स्थळे आणणार तो हाच मामा. परक्यांची भीतीही खोटी नव्हती. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'ला लावले गेले, ते तिच्या चांगले लक्षात होते.

मुलीची काळजी वेगळीच होती आणि ती तिसऱ्या भेटीत कळली. 'उद्या मला काढावासा वाटला तर? चौदा हजार लोकांना काय सांगू?' हिजाबच्या फॅशनचे व्हिडिओ करणाऱ्या ब्रिटनमधल्या डिना टोकियोने २०१८ मध्ये हिजाब सोडल्यावर तिला पडलेल्या शिव्या या मुलीने ऐकल्या होत्या. हिजाब बांधून मॉडेलिंग करणाऱ्या अमेरिकेतल्या हलिमा एडनने २०२० मध्ये हिजाब ठेवून मॉडेलिंगच सोडले, कारण एका फोटोशूटमध्ये स्कार्फऐवजी तिच्या डोक्याला जीन्स गुंडाळण्यापर्यंत मजल गेली होती, हेही तिला ठाऊक होते. ठेवला तरी जाब, काढला तरी जाब.

मोबाइल काढून घ्या, असे मी कोणत्याच आईला सांगत नाही; मुलगी दुसऱ्या नावाने खाते उघडते आणि मग घराला काहीच कळत नाही. येथे आम्ही कमेंट करण्याची मुभा ओळखीच्यांपुरती ठेवली, धमकी आली तर स्क्रीनशॉट जपून सायबर पोलिसांकडे जायचे ठरवले आणि मामाशी बोलण्याचे काम आईकडे दिले, मुलीकडे नव्हे. हिजाब कायमचा की तात्पुरता, हा प्रश्न घरात कोणी काढायचा नाही, असेही ठरले. हे आईला सर्वांत जड गेले.

परवाच्या रीलमध्ये कडेला टाचण्या धरलेला एक हात दिसतो, तो आईचा. मामा अजून फोन उचलत नाही.